मुळांच्या बेड्या

राजा मानाजीचा पांढरा अंगरखा धुऊन आला तो मातकट होऊनच. राजाने येसू परटिणीला दरबारात बोलावलं.

"हा धुतलास की चिखलात बुडवलास?"

"नदीच गढूळ झालीय, महाराज. पाऊस सरला तरी पाणी निवळत नाही. काठाला शेवाळ माजलंय."

"तुम्ही परीटच घाण करता." येसूने नकारार्थी मान हलवली. "नाही म्हणतेस? मग नदी नासवणाऱ्याला उद्या बेड्या घालून माझ्यापुढे आण. नाहीतर सगळे परीट नदीकाठ सोडा."

नदी सुटली तर खायचं काय? विचार करत येसू काठाने घरी निघाली. महालासमोरचा काठ उघडाबोडका होता. राजाला सज्ज्यातून नदी दिसावी म्हणून तिथला करंज, वाळा, लव्हाळा सारं गेल्या साली तोडलं होतं. तेवढ्यात काठाची एक दरड धपकन पाण्यात कोसळली आणि पाणी तांबडं झालं. येसू बघतच राहिली. मग तिला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी तिने दरबारात एक ताट आणि पाण्याने भरलेलं गंगाळ ठेवलं. ताटात मातीची दोन ढेकळं. त्यातलं एक वाळ्याच्या मुळांनी गच्च आवळलेलं. तिने तेच उचललं.

"हा गुन्हेगार, महाराज. बेड्यांसकट आणलाय."

दरबार हसला. राजाच्या कपाळाला आठी पडली. "हे ढेकूळ?"

येसूने ते गंगाळात सोडलं. पाणी जरासं गढुळलं आणि निवळलं. ढेकूळ होतं तसंच. मग तिने ते काढून दुसरं टाकलं. ते बघता बघता विरघळलं, गंगाळ तांबडंलाल झालं.

"हे महालासमोरचं. बेड्या नसल्या की असा पळतो. एकटा जात नाही, मळ्यातलं खतही काखोटीला मारून नेतो. त्यावरच शेवाळ पोसतं."

राजा पुढे झुकला. "या चोराच्या बेड्या काढल्या कुणी? नाव सांग, त्याची गय करणार नाही."

येसूने मान खाली घातली. "नाव घ्यायची माझी छाती नाही, महाराज. पण त्याला सज्ज्यातून नदी फार छान दिसते."

राजा असा खदाखदा हसला की पगडी कानावर आली.

हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने तिच्या ओंजळीत ठेवलं. "परीट कुठेही जाणार नाहीत. हव्या तेवढ्या बेड्या लाव, माणसं मी देतो. आजपासून काठाची कोतवाल तू. तिथे कुऱ्हाड उचलायची तर तुला विचारून. मीसुद्धा!"