माडाच्या झावळ्या

झाडं एकमेकांशी बोलत, त्या काळी खाडीकाठी एक माड होता. नारळी पुनवेला दर्याला वाहतात तो नारळ माझाच, याचा त्याला केवढा ताठा!

पण कांदळवन तोडल्यापासून खाडीत कोळंबी मिळेनाशी झाली, तेव्हा कोळिणी माडाकडे पाठ करून गुडघाभर चिखलात उतरल्या आणि कांदळाची रोपं लावू लागल्या.

"चिखलातल्या काड्यांचे एवढे लाड?" माडाच्या अंगाचा तिळपापड झाला. वारा सुटला की तो नेम धरून रोपांवर झावळ्या टाकी. एका रोपाचा तर शेंडाच मोडला.

त्या कोळिणींतली चांगुणाबाय हरखून ओरडली, "अगो, बघा माडानं काय दिलंय! शेळ्या रोपं खातात म्हणून आपण कुंपणाला काहीतरी शोधतच होतो." बायांनी झावळ्या विणून कुंपण घातलं.

माड जळफळत आणखी टाकत गेला, कुंपण वाढत गेलं.

एके दिवशी ते मोडक्या शेंड्याचं रोप म्हणालं, "आजोबा, या बाजूनं वारा फार लागतो. इथं एक टाकाल का?"

माड नुसताच त्याच्याकडे वाकला.

खाडीकाठचे माड अजून तसेच वाकलेले असतात.