तळ्याची वाट आणि माझ्या चार अटी

"बंद म्हणजे बंद! उद्यापासून माझ्या बागेतून चिटपाखरूही जाता कामा नये!" रणधीरराव महाराज गरजले आणि आंबेजावळी गावाची तळ्याकडे जाणारी पायवाट बंद झाली. महाराजांनी हौसेनं गुलाब लावले होते आणि नेमकी त्यांच्या मधूनच ही वाट जात होती. बागेला वळसा घालून जायचं तर तीन कोस!

पण वाट बंद करायची कशी, हे सुचवणारा अतिशहाणा कोण? अहो, मीच! दामोदरपंत चिटणीस. मी म्हणालो, "सरकार, पाटी लावू." आणि माझ्या झोकदार अक्षरात लिहिलं, "ही वाट सरकारांची खासगी. पाऊल टाकील त्यास पंचवीस फटके."

सकाळी बघतो तर पाटीवर कुणाचं तरी ओलं लुगडं वाळत घातलेलं! बायाबापड्या खुशाल येताहेत-जाताहेत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की गावात कुणाला वाचताच येत नाही. मग काय, महाराजांच्या हुकमानं मीच पाटीशेजारी उभा राहिलो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती मोठ्यानं वाचून दाखवू लागलो. दोन दिवसांत घसा बसला, नाक उन्हानं सोललं.

तिसऱ्या दिवशी सगुणा कुंभारीण आली. डोक्यावर रिकामी टोपली. निघाली होती तळ्यातली माती आणायला. मी पाटी वाचली. तिनं शांतपणे ऐकली.

"पंत, गावात वाचता कुणाला येतं?"

"फक्त मला!" मी छाती फुगवून म्हणालो.

"मग ही बंदी तुम्हालाच की हो! तुम्ही घाला तीन कोसांचा वळसा. आम्ही जातो सरळ."

मागच्या बाया खो खो हसल्या. मी तणतणत तिला दरबारात उभी केली.

"सरकार," सगुणा हात जोडून म्हणाली, "दिवाळी पंधरा दिवसांवर आली. पणत्या झाल्या नाहीत, तर आमचा कुंभारवाडा वर्षभर खाणार काय? तीन कोस ओली माती डोक्यावर आणायची, तर मान मोडेल. ही वाट आमच्या वहिवाटीची आहे, पहिल्यापासून!"

"पहिल्यापासून? पुरावा काय?" महाराजांनी मिशीला पीळ दिला. "साक्षीदार आण!"

इथे मी गप्प बसलो असतो, तर आज हे सांगायची पाळी आली नसती. पण छे! मी पुढे सरसावलो. "सरकार, कुणीही सोम्यागोम्या नको. चार अटी! साक्षीदार या गावात जन्मलेला नसावा, म्हणजे गावाची कड घेणार नाही. सरकारचा नोकर नसावा, म्हणजे घाबरणार नाही. सरकारांच्या जन्माआधी या वाटेनं चाललेला असावा. आणि ज्याचा शब्द सरकारांना खोटा म्हणता येणार नाही, असा असावा!"

"वाहवा, पंत!" महाराज खूष झाले. "सगुणा, असा साक्षीदार उद्या सकाळपर्यंत आण, नाहीतर वाट कायमची बंद!"

असा माणूस पृथ्वीवर नाही, याची मला खात्री होती. त्या आनंदात मी रात्री चार पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या.

सकाळी सगुणा आली ती एकटीच. मी खुदकन हसलो. "काय गं, साक्षीदार कुठाय?"

"तो आणायला दूर कशाला जायचं? वाड्यातच आहे. आऊसाहेबांना बोलवा!"

दरबारात कुजबुज झाली. महाराजांच्या मातोश्री आऊसाहेब काठी टेकत बाहेर आल्या. जन्म दूर त्यांच्या माहेरगावचा, गावात आल्या त्या सून म्हणून. नोकर तर नव्हेतच. आणि आईचा शब्द खोटा म्हणायची महाराजांची काय बिशाद! मी बोटांवर अटी मोजल्या, तीन तर तिथंच पुऱ्या झाल्या!

"आऊसाहेब, तळ्यावरच्या देवीला तुम्ही कशा गेला होता?" सगुणानं विचारलं. "आमची आजी सांगायची, तिनं पाहिलं होतं."

"अनवाणी!" आऊसाहेब म्हणाल्या. "अकरा मंगळवार, याच वाटेनं. पायात काटे मोडले, पण मुलगा व्हावा म्हणून चालले."

मी उरलासुरला जोर करून ओरडलो, "पण सरकार! जमीन आपलीच! राणीसाहेब स्वतःच्या जागेतून चालल्या, त्यात गावाचा हक्क कुठून आला?"

"पंत, तोंड आवरा!" आऊसाहेबांनी काठी आपटली. "नवसच तसा बोलले होते. राणी म्हणून जायचं नाही. रयतेच्या वाटेनं, रयतेच्या बायकांमधून चालायचं, कुणाला बाजूला सरक म्हणायचं नाही. घरच्या अंगणात फेऱ्या मारायला देवी काय खुळी आहे?"

सगुणानं पदर खोचला आणि महाराजांकडे वळली.

"ऐकलंत, सरकार? वाट रयतेची नसेल, तर आऊसाहेबांचा नवस पुरा झालाच नाही. आणि नवस पुरा झाला नाही, तर या गादीवर आमच्यासमोर बसलंय तरी कोण?"

महाराजांनी आईकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातापायांकडे पाहिलं, जणू आपण आहोत ना याची खात्रीच करत होते. आणि मग असे हसले, की फेटा सुटून मांडीवर आला!

"वाट रयतेची! गुलाब सरकवा, बैलगाडी जाईल एवढी रुंद करा! सगुणाला रेशमी लुगडं द्या! आणि चार अटी घालणाऱ्या हिच्या वकिलालाही बक्षीस द्या!"

"वकील कोण, सरकार?" मी विचारलं.

"तुम्हीच की! तुमच्याइतकी मदत हिला कुणी केली?"

माझं बक्षीस मला त्याच दिवशी मिळालं. ओल्या मातीनं भरलेली टोपली, तळ्यापासून कुंभारवाड्यापर्यंत, दिवाळीपर्यंत रोज. पुढे सगुणा, मागे मी, आणि सज्ज्यात उभे राहून हसणारे महाराज!