आधी खांदा, मग बाळ

आंबेखारच्या तेलीआळीच्या तोंडाशीच हा दगडी घाणा उलथा पडलाय. त्यावर बसू नका पाहुणे, इथल्या बायका खवळतील. या घाण्याला एक बाई बैलासारखी जुंपली होती, असं सांगतात.

तिचं नाव मिल्काबाई. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल, म्हणजे इथल्या यहुदी तेल्यांची सून. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं, हसाजीनं, दुसरी आणली. पुढं बैल मेला, तर सासरा आबाजी काय म्हणाला असेल? "हिला जुंपा. फुकट खातेय." मेल्याला लाज नाही वाटली! तेव्हाच तिला दिवस गेले होते. तिनं सांगितलं तर म्हणे, "कामचुकारपणाची नाटकं!" अख्खी आळी तेलाला यायची, भांडं भरून घ्यायची आणि खाली मान घालून निघून जायची. जू रुतून खांदा सोलवटला, तरी ती फिरत राहिली. पोटातलं वाचलं पाहिजे, एवढंच तिच्या मनात.

वाचलं. मुलगा झाला. तेव्हा मात्र सगळ्यांचे डोळे उघडले! आठव्या दिवशी, सुंतेला, आबाजी जरीची टोपी घालून आला. मूल धाकटीच्या ओटीत घालायचं आणि थोरलीनं परत जू घ्यायचं, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. मिल्काबाईच्या अंगाची आग आग झाली. पोर छातीशी धरून ती घाण्यावर चढली. प्रार्थना चालवणाऱ्या हजाननं खालून विचारलं, "नाव काय ठेवायचं?"

"रुबेन!"

हजान चपापला. त्यांच्या शास्त्रातल्या लेआनं, नवऱ्याच्या नावडत्या बायकोनं, पहिल्या मुलाला हेच नाव दिलं होतं. रुबेन म्हणजे, पाहा, मुलगा! देवानं माझं दुःख पाहिलं, असं म्हणाली होती ती.

"देवानं पाहिलं," मिल्काबाई कडाडली. "तुम्ही कुणी पाहिलंत? मुलगा बघायला आलात ना? तो नंतर. आधी हे बघा!" आणि तिनं खांद्यावरचा पदर ओढला.

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. "हसाजी, वर बघ!" नवऱ्याला तिनं नावानं हाक मारली, जन्मात पहिल्यांदा. त्याला बघावं लागलं. हजान आबाजीला म्हणाला, "पोर आईचं. हात लावलास तर तुझ्या दारात मी पाऊल टाकणार नाही."

आळीनं त्याच दिवशी घाणा उलथला. हसाजीनं तेलाची वाटी आणली, तिनं खांद्याला लावू दिलं. माफ केलं, असं मात्र कुणी सांगत नाही.

आळीत आता बेने इस्राएलांची दोनच घरं उरलीत. पण आजही बारसं कुणाचंही असो, मुलाचं असो की मुलीचं, बाप सगळ्यांदेखत आधी बायकोच्या खांद्याला तेल लावतो. मगच बाळाच्या तोंडावरचं पांघरूण काढतात. कुणी घाई केली की म्हाताऱ्या अंगावर येतात, "आधी तिच्याकडे बघ!"