पाहणीचा दगड

एका तळ्याकाठच्या गावात एक नियम होता, आणि तो का आहे हे कुणी विचारायचं नाही, हाही नियमच होता.

शरद ऋतूत उत्तरेकडून पाहुणे पक्षी त्या तळ्यावर उतरत. पण ‘पाहुणे आले’ हे शब्द गावाच्या तीन पंचांनीच उच्चारायचे, तेही कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याआधी ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघाले तर पक्षी आल्या वाटेने परत जातात, असं सांगत. त्या सकाळी पंच बांधावरच्या पाहणीच्या दगडावर नारळ फोडत आणि ‘पाहुणे आले’ म्हणत. मग गाव लव्हाळ्याजवळची जाळी उचलून घेई. होळीपर्यंत ते उथळ पाणी पाहुण्यांचं, आणि मासेमारी फक्त खोल पाण्यात.

नियम मोठ्या मायेचा होता. तरी दर दोन-तीन वर्षांनी लव्हाळ्याजवळच्या जाळ्यांत मेलेली बदकं सापडत. म्हातारे म्हणत, ‘तळ्याचा कोप.’ ते एक नारळ जास्त फोडत आणि घरी जात.

या गावात डोमाजी धिवराची वेणू नावाची मुलगी होती. वय वीस. वडिलांचा खांदा निकामी झाल्यापासून घरचं जाळं तीच टाकायची. लव्हाळ्यासमोर गावातल्या बावीस घरांची बावीस जाळी एकमेकांना बांधून एकच ओळ केलेली असे. संध्याकाळी गाठी मारायच्या आणि पहाटे ओळ उचलायची. एक जाळं कमी पडलं तर तेवढ्या भगदाडातून सगळे मासे निसटत. म्हणून कुणी अंग काढून घ्यायचं नाही, असा दंडक होता.

त्या वर्षी अधिक महिना आला. कोजागिरी लांबली. पण पहाटेचा वारा ठरल्या वेळी फिरला, धान ठरल्या वेळी पिवळं पडलं, आणि एका सकाळी ओळ उचलायला गेलेल्या वेणूला लव्हाळ्यापाशी अकरा हंस दिसले. पांढरं डोकं आणि डोक्यामागे दोन काळे पट्टे. असे हंस गावात फक्त गोष्टीत उरले होते. थोरले पंच झिंगरूबाबा यांनी ते लहानपणी एकदाच पाहिले होते, आणि ते वर्णन त्यांनी गावाला शंभरदा ऐकवलं होतं.

अकरातल्या एकाचा पाय वेणूच्याच जाळ्यात अडकला होता. ती छातीभर पाण्यात उतरली. हंसाने तिच्या हाताला चावे घेतले. तिने दातांनी दोरे तोडून पाय मोकळा केला. शेजारच्या पार्बताबाईंच्या जाळ्यात तीन बदकं होती. ती मेली होती. पार्बताबाईंनी ती मुकाट्याने लव्हाळ्यात फेकली.

‘बोलू नकोस कुठे,’ त्या म्हणाल्या. ‘कोपाचं वर्ष दिसतंय.’

वेणू दिवसभर विचार करत राहिली. मागचं कोपाचं वर्ष कोणतं? ती सतरा वर्षांची होती तेव्हाचं. त्या वर्षीही दिवाळी उशिरा आली होती. त्याआधीच्या वेळी ती चौदा वर्षांची होती. त्या वर्षीही तसंच.

संध्याकाळी बावीस घरं गाठी मारायला बांधावर जमली. पंच पिंपळाखाली बसले होते. वेणू सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

‘बाबा, पाहुणे आले,’ ती म्हणाली.

गाठी मारणारे हात जागीच थांबले.

‘जीभ आवर, पोरी,’ झिंगरूबाबा म्हणाले. ‘कोजागिरीला अजून एकोणीस दिवस आहेत.’

‘ते आपल्या पंचांगात. पक्ष्यांना अधिक महिना कोण सांगणार?’

‘पंचांच्या जागी आता वेणूताईच बसायच्या राहिल्यात,’ मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

‘आले असतील दोन-चार चुकार,’ दुसरे पंच म्हणाले. ‘थांबतील कोजागिरीपर्यंत.’

‘थांबतील की. जाळ्यात थांबतील. आज तीन बदकं थांबली.’

पार्बताबाईंनी मान खाली घातली.

‘तो तळ्याचा कोप,’ झिंगरूबाबा म्हणाले. ‘आमच्या वडिलांपासून चालत आलाय.’

‘अधिक महिना येतो, त्याच वर्षी कोप होतो, बाबा. आठवून बघा. तळं कोपत नाही. आपण उशीर करतो.’

झिंगरूबाबांचा आवाज चढला. ‘तुझ्या बापाने कधी आमच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. गाठ मार. नाही मारलीस, तर तुमच्या घरचं जाळं वर्षभर या तळ्यात पडणार नाही.’

वेणूने वडिलांकडे पाहिलं. डोमाजीच्या घरी शेत नव्हतं, गाय नव्हती. होतं ते हे एक जाळं आणि हे तळं. डोमाजी हळूच म्हणाला, ‘बाई, आपल्याला इथेच जगायचंय.’

वेणूचा हात गाठीपर्यंत गेला. मनगटावर हंसाने घेतलेले चावे अजून लाल होते. तिने हात मागे घेतला. ती पाहणीच्या दगडाकडे गेली आणि त्यावरची नारळाची शकलं तिने पायाने बाजूला सारली. खाली दगडात शेजारी शेजारी दोन खळगे होते, पावलांएवढे, गुळगुळीत. तिने त्यांत पाय ठेवले. तिथून लव्हाळ्याचा कोपरान्‌कोपरा दिसत होता.

‘नारळ फोडून दगड असा झिजत नाही,’ ती म्हणाली. ‘तुमचा आजा इथे रोज उभा राहायचा. तो पाहायचा आणि मग बोलायचा. तुम्ही त्याची तारीख तेवढी ठेवलीत. या दगडावर उभं राहून तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत, बाबा?’

तिने आपल्या जाळ्याकडे बोट केलं.

‘आमचं जाळं आज पाण्यात पडणार नाही. वर्षभर पडू द्यायचं नसेल तर नका देऊ. उपास काढू. पण पाहुण्यांना मारणाऱ्या ओळीत माझी गाठ असणार नाही.’

ती खाली उतरली आणि तिने जाळं गुंडाळायला घेतलं. ते ओलं होतं, जड होतं. डोमाजी उठला. चांगल्या हाताने त्याने दुसरं टोक उचललं.

तेवढ्यात लव्हाळ्यातून हंसांचा आवाज आला. झिंगरूबाबांनी तो साठ वर्षांत ऐकला नव्हता, तरी ओळखला. त्यांची नजर पाहणीच्या दगडाकडे गेली. बाकीचे दोघे पंच जमिनीकडे पाहत राहिले.

तात्पर्य: वाडवडिलांकडून तारीख नव्हे, नजर घ्यावी. डोळे मिटून पाळलेला नियम ज्यांच्यासाठी केला, त्यांचाच जीव घेतो.