टेकणवाडीचं ‘थांबला तो पोचला’

वाकणघाटाच्या मध्यावर वाट एका मोठ्या काळ्या कातळाला वळसा घालते. त्या वळणावर टेकणवाडी आहे. थोडी घरं, देवीचं बसकं देऊळ आणि कातळाच्या पोटातून झिरपणारी पाण्याची बारीक धार, एवढाच तिचा पसारा. घाटमाथा गाठायला निघालेली मंडळी घड्याळ बघत इथवर येतात, बाटल्या भरतात आणि लगेच चालू लागतात. तेव्हा देवळाच्या ओट्यावरून धोंडू गुरव हाक देतात, “बसा की जरा. इथं थांबला तो पोचला.”

पाहुणे हसतात. शाळेच्या भिंतीवर वाचलेलं ‘थांबला तो संपला’ म्हाताऱ्याने गमतीने उलटं केलं, असं त्यांना वाटतं. गंमत तर खरीच. पण ती पहिल्यांदा जिच्या तोंडून निघाली ती थोड्याच दिवसांपूर्वी याच वाटेवर मरायला बसली होती, असं गुरव सांगतात.

फार जुनी गोष्ट. घाटाखाली तेव्हा पळसदरं नावाचं गाव होतं. पावसाने वर्षामागून वर्षं पाठ फिरवली. विहिरी आटल्या, गुरं गेली, आणि शेवटी गावाने गाव सोडायचं ठरवलं. घाटापलीकडे बारमाही वाहणारी नदी आहे, असं हैबती पाटलाने आजोबांकडून ऐकलं होतं. निघताना त्याने देवीच्या तांदळ्यापुढे, म्हणजे शेंदूर माखलेल्या वाटोळ्या दगडापुढे, शपथ घेतली म्हणे : “आई, नदी दिसेस्तोवर तुला भुईला टेकवणार नाही. आणि गावही वाटेत टेकणार नाही.” पाटील वाईट माणूस नव्हता. उपाशी माणसं एकदा बसली की पुन्हा उठायची नाहीत, ही त्याची धास्ती होती.

देवीची टोपली बयजाच्या डोक्यावर आली. तिचा नवरा देवीची पूजा करायचा. तो गेल्यावर ते काम तिच्याकडे आलं होतं. घरात आता ती आणि सासू सगुणा, दोघीच. सासूने सुनेचा पदर मुठीत धरला आणि दोघी चालू लागल्या.

घाट चढायला लागल्यावर पहिला बसला तो लिंबा कुंभार. “व्हा पुढं, दम खाऊन येतोच,” तो म्हणाला. पाटील मागून ओरडला, “थांबू नका! थांबला तो संपला! बसलेल्यासाठी कोणी थांबायचं नाही!” कोणी थांबलं नाही. बयजाही नाही. डोक्यावर देवी असली की मान वळवता येत नाही, आणि त्या घडीला तिला ते बरंच वाटलं. पण पुढे वाटभर तिला लिंबाचं “येतोच” ऐकू येत राहिलं.

ऊन चढलं. टोपलीखालची चुंबळ डोक्यात रुतली, पाय दगडासारखे जड झाले. कुणी बोलेना, लेकरं रडेनात. फक्त फरफटणाऱ्या पायांचा आवाज आणि पाटलाचं ओरडणं. या काळ्या कातळापाशी आल्यावर बयजाच्या पदराची ओढ एकदम सैल झाली. सगुणा खाली बसली होती.

“जा बाई तू,” सासू म्हणाली. “आईला थांबवू नको माझ्यासाठी.”

बयजा उभी राहिली. मग हळूहळू गुडघे मोडून तीही खाली बसली, आणि तिने टोपली मांडीवर घेतली.

पाटील धावत आला. “ऊठ! शपथ मोडतीस? साऱ्या गावाचं वाटोळं करशील!”

“शपथ तुमची आहे, पाटील,” बयजा म्हणाली. “पाय माझे आहेत. पाप लागलं तर मला लागू दे. मला आता एका माणसालाही मागं टाकून जायचं नाही.”

ती एवढं मोठ्याने बोललीही नव्हती म्हणतात. पण मागची बाई बसली, तिच्या मागचा म्हातारा बसला, आणि बघता बघता अर्धा गाव वाटेवर बसला. पाटलाने हात जोडले, शिव्या दिल्या. मग धडधाकट माणसं घेऊन तो डोळे पुसत वर गेला.

त्यांच्या पायांचा आवाज विरला आणि घाट गप्प झाला. सगळे मान खाली घालून बसले होते. कोणी मरणाची वाट पाहत होतं, कोणी तेवढाही विचार करत नव्हतं. त्या शांततेत सगुणाला कसला तरी आवाज आला. टप्. बऱ्याच वेळाने पुन्हा टप्.

“बयजा, पाणी गं.”

“सासूबाई, भास होतोय तुम्हाला.”

“अगं, भास असा थांबून थांबून होतो का?”

करवंदीच्या जाळीमागे कातळाला कपार होती. टोपली सासूच्या मांडीवर देऊन बयजाने हात घातला तर बोटं ओली झाली. तिथला गाळ माणसांनी नखांनी उकरला, आणि संध्याकाळच्या आत धार लागली. चालत्या पायांना ती कधीच ऐकू आली नसती, असं सांगतात.

पहिलं मडकं भरलं ते बयजाने डोक्यावर घेतलं आणि ती घाट उतरून गेली. लिंबा कुंभार होता तिथेच होता, गाठोड्यावर डोकं टेकून. पाणी त्याच्या ओठांवरून ओघळून मातीत गेलं. त्याला तिथेच माती देऊन ती वर आली आणि तिने मडकं पुन्हा धारेखाली लावलं.

काही दिवसांनी पाटील परतला. पलीकडची नदी कोरडी पडली होती. बरोबरची काही माणसं कमी होती, आणि त्यांत त्याचा थोरला मुलगा होता. कातळापाशी पाणी भरणाऱ्या बाया बघून तो वाटेतच उभा राहिला. बसायची त्याला लाज वाटत होती. सगुणा उठली, तिने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. वाटभर तो जे ओरडत होता ते तिच्या ध्यानात होतं.

“बसा, पाटील,” ती म्हणाली. “आमच्याकडे थांबला तो पोचला.”

कोणीतरी हसलं. पाटलालाही हसू फुटलं, मग तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. बयजाने त्याला पुरतं रडू दिलं. मग तिने इतके दिवस आळीपाळीने मांडीवर सांभाळलेली देवी त्याच्याच हाताने भुईवर टेकवून घेतली. देऊळ उभं आहे ते त्याच जागेवर.

आजही चैत्रात देवीची पालखी निघते. वाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला तिला अख्खा दिवस लागतो. मध्येच भोई पालखी जमिनीवर ठेवतात, तिच्याशेजारी आडवे होतात आणि चक्क घोरू लागतात. ढोल बंद होतो. नवस फेडायला आलेली माणसंही उन्हात गुपचूप बसून राहतात. भोयांना कोणी उठवत नाही. त्यांची झोप होईपर्यंत देवी थांबते.