मोझेलमावशीची दुसरी हाक

फार वर्षांपूर्वी, गाणं नुसतं हवेत राहायचं आणि डब्यात बसायला अजून पुरतं शिकलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

अमेरिकेच्या दक्षिणेला, कापसाच्या मुलखात, मिसिसिपीला जाऊन मिळणारी एक मातकट नदी होती. नदीकाठी सॉरेलचा धक्का नावाचं गाव होतं. गाव काळ्या माणसांचं, शेतं गोऱ्या मालकांची. नदीला पूल नव्हता, दोरावर चालणारा तराफा होता, आणि तो दोर ओढायची मोझेल नावाची बाई. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. तिनं दोर हातात धरला की नदीसुद्धा मुकाट्यानं वाट देते, असं म्हणतात.

त्या नदीवर धुकं फार. पलीकडचा माणूस दिसायचा नाही, म्हणून हाकेची एक रीत होती. हाक दोनदा मारायची. पहिल्या हाकेला माणूस मान वर करतो, दुसऱ्या हाकेला त्याला दिशा कळते. मग काय सांगायचं ते सांगायचं. आणि एकाच हाकेला कुणी ओ द्यायची नाही. का, तर नदीत बुडालेले एकदाच हाक मारतात. दुसऱ्या हाकेपुरता श्वास त्यांच्याकडे उरलेला नसतो.

मोझेलमावशी हाकेच्या जागी गायची. आपल्याकडे बायका जात्याच्या घरघरीवर ओवी धरत, तशी ती तराफ्याच्या फळीवर टाच आपटून गाणं धरायची.

धुकं बसलं पाण्यावर, गं, काठ मला दिसंना,
धुकं बसलं पाण्यावर, गं, काठ मला दिसंना,
दोर आहे हातामधी, पण हाक कुणाची येईना.

अशा गाण्यांना पुढे जगानं ब्लूज म्हटलं. त्यात पहिली ओळ दोनदा का येते, याची कारणं शिकलेली माणसं पुष्कळ सांगतात, आणि त्यांचंच खरं असेल. धक्क्यावरचे लोक मात्र म्हणतात, ती आमच्या धुक्यातून आली. मी कशाला मध्ये पडू?

मावशीला एकच मुलगी होती, पर्ली. दुधाचे दात पडायच्या वयाची, आणि प्रश्न विचारून आईला भंडावून सोडणारी.

"मा, बुडालेले पाय आपटतात?"

"पाय आपटायला खाली फळी लागते, बाई. त्यांच्या खाली काय असतं?"

"पाणी."

"मग? पाणी कधी वाजतं का टाचेनं? आता तो पाय घाल बुटात."

एका वर्षी पाऊस थांबेचना आणि नदीचा बांध फुटला. मावशीनं तराफ्याचा दोर तोडला आणि छपरांवरची माणसं उचलून आणायला सुरुवात केली. त्या दिवशी तराफा प्रवाहाच्या उलट चालला, असं म्हणतात. तेवढ्यात पोरंबाळं सुरक्षित जागी नेणारी एक मोठी बोट आली. मावशीनं पर्लीला आपल्या हातांनी त्या बोटीत बसवलं, शाल गुंडाळली आणि सांगितलं, "मी मागून आलेच."

लेकराला बोटीत बसवावं की उराशी धरावं, हे आधी कुणाला कळतं? मला तर स्वेटर घालावा की नको हेही धड ठरवता येत नाही.

मावशीला मागून जाता आलं नाही. काळ्या माणसांना बांधावर मातीच्या गोण्या भरायला लावलं होतं आणि बंदूकवाले पहारेकरी कुणाला हलू देत नव्हते. पाणी ओसरल्यावर ती धावत, बोटीनं पोरं नेली होती त्या छावणीत पोचली, तर कळलं की कुणी एक कुटुंब पर्लीला घेऊन आगगाडीनं उत्तरेला गेलं. कुठल्या शहरात, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि पर्लीला आईचं नाव "मा" एवढंच माहीत होतं, गावाचं नाव "धक्का" एवढंच. उत्तरेत नद्या काय आणि धक्के काय, हजारो.

मावशीनं नवा दोर बांधला. ती रोज काठावर उभी राहून उत्तरेकडे तोंड करून गायची. तिच्या गाण्यानं पाणकोंबड्या अंडी सोडून उठायच्या, असं म्हणतात. पण आवाज कितीही मोठा असला तरी तो आगगाडी पकडू शकत नाही.

गावात रूफसकाका नावाचा म्हातारा होता. फुटक्या बाटलीची मान बोटात घालून तो गिटार अशी वाजवायचा की तारा रडायच्या आणि तो स्वतः हसायचा. तो एक दिवस म्हणाला, "पोरी, शहरात हॉटेलात कंपनीची माणसं आलीत. गाणं तबकडीवर घेतात. तुझं गाणं दे."

"मला नाचगाण्याची हौस नाही, काका."

"हौस कोण म्हणतंय? रेल्वेतले आपले लोक त्या तबकड्या उत्तरेला नेऊन विकतात. तू नाही जाऊ शकत, आवाज तर जाईल. त्याला कोण पहारेकरी अडवणारे?"

मावशी निघाली. हॉटेलच्या खोलीत भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. मध्ये मेणाची जाड तबकडी फिरत होती आणि तिच्यावर सुई. कंपनीचा साहेब घामानं डबडबलेला होता. तो म्हणाला, "हे बघ बाई, तबकडीवर तीन मिनिटांचंच गाणं मावतं. तो लाल दिवा लागला की थांबायचं. मग एक शब्दसुद्धा नाही."

मावशीनं गायला सुरुवात केली. टाच जमिनीवर पडली आणि सुई उडाली. साहेबानं तिच्या पायाखाली उशी आणून ठेवली.

"आणि ओळ दोनदा कशाला म्हणतेस? एकदा म्हण. जागा वाचेल."

"साहेब, एका हाकेला आमच्याकडे कुणी ओ देत नाही."

"इथं कोण ओ देणार आहे तुला?"

रूफसकाका गिटारीची खुंटी पिळत म्हणाला, "तिला दोनदाच म्हणू द्या, साहेब. तिनं एकदाच म्हटलं तर मीसुद्धा वाजवणार नाही. मला भुतांची भीती वाटते."

साहेबानं हात हलवला. मेण पुन्हा फिरायला लागलं. मावशी गायली, धुक्याचं, बांधाचं, बोटीचं. खोलीतल्या गोधड्या ओल्या झाल्या, असं म्हणतात. शेवटी तिनं, जे सांगायला आली होती त्याची ओळ उचलली:

पर्ली, माझे बाई, गं, तराफा लागलाय काठाला...

आणि लाल दिवा लागला. साहेबानं ओठांवर बोट ठेवलं. रूफसकाकाची बोटं तारेवर थिजली. दुसरी हाक मावशीच्या तोंडात आली आणि तिथेच राहिली. फक्त तिच्या पायाला दिवा दिसला नाही. पायानं उशी भिरकावून दिली आणि टाच जमिनीवर आपटली, दोनदा. सुई थरथरली आणि मेण संपलं.

साहेब म्हणाला, "शेवटी खराबी राहिलीय. पण चालेल."

मावशी म्हणाली, "पुन्हा गाते, साहेब. हाक अर्धी राहिली."

"पुढच्याला पाठव," साहेब म्हणाला.

परतीच्या वाटेवर मावशी एवढंच बोलली, "काका, पोरीला एकदाच हाक मारून आले मी. ती समजेल, आई बुडाली." रूफसकाका नेहमी हसायचा, त्या दिवशी हसला नाही.

तबकडी निघाली. तिच्यावर कंपनीनं भलतंच नाव छापलं, मोझेलचं नाव कुणी विचारलंच नव्हतं. रेल्वेतल्या लोकांनी ती पेट्यांतून उत्तरेला नेली. पुढे मंदी आली, कंपनी बुडाली, साचे भंगारात गेले. वर्षं गेली आणि कुणीही आलं नाही. मावशीचे केस कापसासारखे झाले. ती अजूनही दोर ओढायची, आणि धुक्यात एकटी हाक आली की कान टवकारून दुसरीची वाट बघायची.

तिकडे उत्तरेच्या एका मोठ्या शहरात पर्ली मोठी झाली होती. शिवणकाम करायची. एका रविवारी सकाळी शेजारच्या खिडकीतून झिजलेली तबकडी वाजायला लागली, आणि पर्लीच्या हातातली सुई थांबली. शेवटची ओळ आली, तिचं नाव आलं, एकदाच, आणि गाणं संपलं.

पर्लीनं खिडकी लावून घेतली. एक हाक. म्हणजे मा नदीत गेली. तिनं सुतकाचे काळे कपडे पेटीतून बाहेर काढले आणि रडत बसली.

शेजारीण विचारपूस करायला आली. तिचा नवरा रेल्वेत उतारूंचे बिछाने घालायचा, त्यानंच ती तबकडी आणली होती. ती म्हणाली, "गाणं चांगलं आहे, पण शेवटी काहीतरी आपटतं बघ. तबकडीच खराब."

"काय आपटतं?"

"धप, धप. कुणी पाय आपटावा तसं."

पर्लीनं काळा कपडा बाजूला टाकला. शेजारणीच्या घरी जाऊन तिनं सुई पुन्हा मागे नेली, कर्ण्याला कान लावला. पहिली हाक. आणि मग, कुजबुजीएवढी, टाच. दोनदा. बुडालेल्यांच्या खाली फळी नसते. मा उभी होती. जमिनीवर, आपल्या पायांवर उभी होती, आणि दुसरी हाक पायानं मारत होती.

"पण हे गाव कुठलं?" पर्लीनं विचारलं.

शेजारणीचा नवरा डोकं खाजवत म्हणाला, "मला काय माहीत? दक्षिणेत असे काठ चिक्कार. एक मात्र चांगला लक्षात आहे. सॉरेलच्या धक्क्यावर मी सकाळभर हाका मारत उभा होतो, एक मारायचो आणि थांबायचो. तराफा काही येईना. शेवटी वैतागून दोनदा ओरडलो, तर बाई येऊन मलाच रागावली, 'पहिल्यापासून नीट मारायला काय झालं होतं?'"

पर्ली हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मग तिनं पेटी भरली.

ती नदीवर पोचली तेव्हा सकाळ होती आणि धुकं दुधासारखं दाट होतं. पलीकडचं काही दिसत नव्हतं. पर्ली काठावर उभी राहिली. पहिली हाक मारायची गरज नव्हती, ती आईनं केव्हाच मारून ठेवली होती. तिनं सरळ दुसरी गायली:

पर्ली, माझे बाई, गं, तराफा लागलाय काठाला...

धुक्यात कितीतरी वेळ काही हललं नाही. एकटी हाक, तिला कोण ओ देणार? पण मोझेलमावशीनं ती ओळखली. ती पहिली हाक नव्हतीच. पलीकडून फळीवर टाच वाजली, आणि इतक्या वर्षांनी तिसरी ओळ आली:

शाल तुझी वाळली असंल गं, आता ये ना घराला.

आणि त्या दिवशी तराफा कुणी ओढला नाही, आपणहून आला, असं म्हणतात.

ते गाणं पुढे फार लांब गेलं. उत्तरेच्या शहरांत गिटारींना वीज जोडली, ढोल आले, रेडिओ आले, साता समुद्रांपलीकडची पोरं ते शिकली. पण ओळ दोनदा म्हणायची काही सुटली नाही.

सॉरेलच्या धक्क्यावर आता पूल आहे. तरी वर्षातून एकदा, धुक्याच्या दिवसांत, गाव नदीवर जमतं. जुन्या तराफ्याची एक फळी काठावर राखलेली आहे. मावशीचं गाणं सगळे मिळून गातात, पण शेवटची ओळ एकदाच म्हणतात. मग लहानथोर त्या फळीवर टाच आपटतात, दोनदा, आणि गप्प उभे राहतात. दुसरी ओळ कुणी म्हणायची नाही. ती बाहेर गेलेल्यांची आहे, ते येऊन म्हणतील. कधी कुणी म्हणतंसुद्धा, पुलावरून, धुक्यातून, आणि मग सगळा काठ मिळून तिसरी ओळ गातो.

बाकी दिवशी तिथल्या आया पोरांना जेवायला दोनदाच हाक मारतात. पहिल्या हाकेला पोरं येत नाहीत, हे तिथंही आहेच. पण आया चिडत नाहीत. पहिली मान वर करण्यासाठी असते, हे त्यांना मावशीनं सांगून ठेवलंय.