मिलकाबाईचं मडकं

अष्टागरात खाडीच्या काठी साखरखार नावाचं गाव होतं. तिथं तेल गाळणाऱ्या आमच्या बेने इस्राएल लोकांची पंधरा-वीस घरं. शनिवारी घाणा बंद, म्हणून सारा मुलूख आम्हांला शनवारतेली म्हणे. त्या गावी रहामीम हजान राहत. हजान म्हणजे प्रार्थना चालवणारे. पण कोळी-आगरीही त्यांच्या ओट्यावर येऊन बसत आणि त्यांना महाराज म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू.

म्हातारपणी महाराजांची दृष्टी गेली. पोथी वाचायला कोणीतरी हवं, म्हणून पंचांनी मुंबईला शिकून आलेल्या हनोख मास्तरांना आणलं. मास्तर हिब्रू खडाखडा वाचत आणि मुलांना ती शिकवत. शिकवणं चोख होतं, खोटं कशाला बोलू? पण माणसाला 'ग'ची बाधा झालेली. पंचही त्यांच्यापुढे मान खाली घालून बोलत.

त्याच गावात मिलकाबाई नावाची विधवा घाण्यावर राबायची. तिला अक्षर येत नव्हतं. लहानपणी महाराजांच्या तोंडून तिनं एक गोष्ट ऐकली होती. देवाचं नाव लिहिलेला कागद पायदळी जाऊ द्यायचा नाही. जीर्ण झाला की माणसासारखा मातीत ठेवायचा. आता नाव कुठल्या कागदावर आहे, हे तिला कसं कळावं? म्हणून ती रस्त्यात पडलेला प्रत्येक लिहिलेला कागद उचलायची, पदरानं पुसायची, डोळ्यांना लावायची आणि तेलाच्या जुन्या मडक्यात ठेवायची. चाळीस वर्षं तिनं हे केलं. मडकं गळ्यापर्यंत भरलं.

दारफळणीचा सण तीन दिवसांवर आला होता. हा आमचा कडक उपासाचा दिवस. दारं लावून देवापुढं आपल्या चुका कबूल करायच्या. त्याआधी मिलकाबाई मडकं कडेवर घेऊन प्रार्थनालयाच्या अंगणात आली.

"मास्तर, यवडं आपल्या कब्रस्तानात पुरायला सांगा. मी मेल्यावर कोन बघनार?"

मास्तरांनी वरचे मूठभर कागद उपसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे एकेक वाचले. "हे विडीच्या बंडलाचं वेष्टण. ही वाण्याची यादी, गूळ दोन शेर. ही कचेरीची नोटीस. मावशी, आता गूळ-विड्यांसाठी मी प्रार्थना म्हणू काय?"

अंगण हसलं. आमचेच लोक हसले, कोणी परके नव्हते. मास्तरांना आणखी चेव आला. त्यांनी मडकं उचलून मागल्या चुलीत रिकामं केलं. चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं.

तुम्हांला वाटेल, कागद जळले नसतील. जळले! तेलकट मडक्यातले कागद ते, भुरकन पेटले. मिलकाबाई चुलीपुढं बसली ती उठेचना. "त्यात नाव असलं तर? मी माज्या हातानं आनून दिलं," एवढंच ती म्हणत राहिली. पाण्याचा थेंबही तिनं घेतला नाही.

काठी टेकत महाराज आले. त्यांनी विचारलं, "मास्तर, सगळे कागद पाहिलेत?"

"त्यात पाहायचं काय, बाबा? शितावरून भाताची परीक्षा."

"तुम्हांला वाचता येतं, हे कोणी दिलं?"

"मी शिकलो. दिवे जाळून शिकलो."

"बरं," महाराज म्हणाले, आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी प्रार्थनेसाठी पोथी उघडली आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. डोळे धड होते. पान दिसत होतं, शाई दिसत होती, पण एक अक्षर ओळखू येईना! नुसत्या काळ्या मुंग्या. भिंतीवर मराठी पाटी होती, तीही तशीच. दोन दिवसांवर सण, आणि पोथी वाचणारा गावात दुसरा कोणी नाही.

मास्तर धावत महाराजांच्या ओट्यावर गेले आणि पोरासारखे रडले.

महाराज म्हणाले, "मला सांगून काय होणार? राख अजून चुलीतच आहे. हातानं चाळा."

मिलकाबाई अजून चुलीपुढंच बसलेली होती, ओठ सुकलेले. मास्तर गुडघ्यांवर बसून राख उपसू लागले, तशी तीही पुढं सरकून चाळू लागली. बऱ्याच वेळानं मास्तरांच्या बोटांना नखाएवढा कपटा लागला. कडा जळलेल्या, मध्ये काहीतरी लिहिलेलं. त्यांनी तो उलटासुलटा केला.

"मावशी, हा ठेवायचा की टाकायचा?"

"मला कुठं वाचता येतंय, मास्तर? म्हनून तर ठेवायचा."

मास्तरांनी तो कपटा डोळ्यांना लावला, आणि राखेतच तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मान वर केली तेव्हा अक्षरं परत आली होती.

पहिलं वाचलं ते त्या कपट्यावरचं. देवाचं नाव होतं, आणि हस्ताक्षर त्यांचंच! मागल्या महिन्यात विद्यार्थ्याला घालून दिलेला कित्ता. पोरगा चुकला म्हणून त्यांनीच तो रागानं फाडून खिडकीबाहेर फेकला होता.

"बाबा, मी देवाचं नाव जाळलं," ते महाराजांना म्हणाले.

"आधी फेकलंत, मग जाळलंत," महाराज म्हणाले. "मध्ये एकदा तिनं उचललं होतं."

महाराजांनी स्वतःच्या हातानं मिलकाबाईला पाणी पाजलं. "बाय, तू जपलेलं देवाचं नाव आता मातीला पोचेल," असं त्यांनी म्हटल्यावरच तिनं घोट घेतला. राख आणि तो कपटा मडक्यात भरला. कब्रस्तानातला खड्डा मास्तरांनी एकट्यानं खणला. हसलेल्यांपैकी एकही जण फावडं घेऊन आला नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

पुढच्या वर्षी मिलकाबाई त्या मडक्याशेजारीच निजली.

मास्तर पुष्कळ जगले. बाजारातून जाताना विडीचं वेष्टण दिसलं तरी थांबत, वाकत, उचलून डोळ्यांना लावत. वाचता येत असूनही आधी वाचत नसत. त्यांच्याकडेच शिकलेली पोरं मागून हसत, "मास्तरांचं डोकं फिरलं." मास्तरांना ते ऐकू येई. पुढचा कागद दिसला की पुन्हा वाकत.